खंडेनवमीचं तेल

आमच्या वसाहतीत तेव्हा चारचाकी असलेली घरं थोडीच होती, आणि त्यांतली सगळ्यांत जास्त बोंबलणारी गाडी आमची होती. सकाळी मी किल्ली फिरवली की बॉनेटखालून अशी किंकाळी निघायची, की समोरच्या वहिनी दात घासता घासता बाहेर येऊन उभ्या राहायच्या. पहिले काही दिवस त्यांना वाटत होतं, मीच काहीतरी भलतं दाबते. बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर चूक बाईचीच, यावर आमच्या गल्लीचं एकमत होतं. मी त्यांना सांगून सांगून थकले की वहिनी, पट्टा ओरडतोय, मी अजून सुरुवातही केलेली नाही.

पट्टा म्हणजे फॅनबेल्ट. आमच्या त्या जुन्या गाडीत इंजिनाच्या पुढच्या अंगाला तीन चाकं होती आणि त्यांच्यावरून हा रबरी पट्टा फिरायचा. पंखा, पाण्याचा पंप, डायनामो, सगळं तोच ओढायचा. पट्टा जुना झाला, चिरला, ढिला पडला की चाकावर घसरतो आणि ओरडतो. हे ज्ञान मला नवऱ्यानं दिलं. नवरा नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये होता. पट्टा का ओरडतो, कसा बदलतात, बदलला नाही तर काय होतं, हे तो चहा पिता पिता फार छान समजावून सांगायचा. डिकीत स्टेपनीच्या खाली नवा कोरा पट्टाही पडलेला होता, कारण हायवेला गाडी काढणारा माणूस तेव्हा एक जादा पट्टा जवळ बाळगायचाच. फक्त तो बसवायचा राहिला होता. "रविवारी बघू," नवरा म्हणायचा. रविवार यायचा, दुपारची झोप व्हायची आणि रविवार जायचा. त्यात नवरात्र लागलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मी मुळातच तापट. पण त्या महिन्यात माझ्या तापण्याला कारण होतं. ती गाडी आमच्या हौसेची राहिलेली नव्हती.

त्या वर्षी सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जखम भरली आणि मग डॉक्टरांनी शेक सांगितले. यंत्राखाली झोपवून किरण देतात, त्याला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. रोज सकाळी आठला शहरातल्या हॉस्पिटलात हजर व्हायचं, शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी सोडून. डॉक्टर फार बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी मला दोनदा बजावली होती. आमची सुट्टी आम्ही हिशोबात धरलेली असते, तुम्ही मात्र आपण होऊन एक दिवसही चुकवू नका. मधे खंड पडला तर केलेलं वाया जाऊ शकतं.

पहिल्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो. येताना मुंबई नाक्याच्या गर्दीत सासूबाईंना उलटी झाली. रिक्षावाला भला होता, त्यानं बाजूला घेऊन पाणी दिलं. पण चार माणसं जमली, एका बाईनं पदर नाकाला लावला आणि ते सासूबाईंनी पाहिलं. आयुष्यभर परीटघडीचं पातळ नेसलेली बाई. घरी येऊन त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि संध्याकाळी उठून त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, "न्यायचं तर आपल्या गाडीतून न्या. नाहीतर राहू द्या." शेजारच्यांनी आपापल्या गाड्या देऊ केल्या, तर त्यालाही नकार. परक्याच्या गाडीत उलटी झाली तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. नवऱ्याची सकाळची पाळी. मी गाडी शिकून जेमतेम वर्ष झालं होतं आणि तोवर मी ती भाजी आणण्यापलीकडे कुठं नेली नव्हती. तरी दुसऱ्या दिवसापासून मीच नेऊ लागले. मागच्या सीटवर उशी, मांडीवर टॉवेल, पायाशी स्टीलचं तस्त, आणि पुढं मी, एक डोळा रस्त्यावर आणि एक तापमानाच्या काट्यावर.

सुरुवातीला त्या तयारीनं यायच्या. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या बायकांशी ओळखी काढायच्या, कोण निफाडची, कोण पेठची, सगळं मला येताना सांगायच्या. पुढं पुढं बोलणं कमी झालं. जेवण तुटलं. चहासुद्धा नको म्हणायला लागल्या. एकदा गाडीतच म्हणाल्या, "आता पुरे वाटतं गं." मी रस्त्याकडे बघत राहिले. खंडेनवमीच्या सकाळी, शेक घेऊन परत येताना, त्यांनी विचारलं की उद्या दसऱ्याची सुट्टी आहे ना. मी हो म्हटलं, परवापासून परत सुरू. त्यावर त्या म्हणाल्या, "दसरा होऊ दे. मग बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हटलं की काय होतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. नवऱ्यानं तो शब्द आईकडूनच उचलला असणार. त्या दिवशी मी घरी येऊन दुपारभर धुसफुसत होते आणि कुणावर ते मलाच कळत नव्हतं.

सासूबाई बागलाणातल्या, मालेगावच्या पुढं आत कुठंतरी गाव. त्यांच्या वडलांची पिठाची गिरणी होती. त्यामुळे खंडेनवमी हा त्यांचा खरा सण, दिवाळी त्याच्या नंतर. वर्षभर आपल्यासाठी राबणारी हत्यारं त्या दिवशी स्वच्छ करायची, त्यांना तेल द्यायचं, पाटावर मांडून पूजा करायची. बहुतेक घरी दसऱ्याला संध्याकाळी ती परत वापरात येतात. सासूबाईंच्या माहेरचा नियम कडक होता. नवमीला बसवलेलं हत्यार एकादशीला सकाळी उठायचं, दसऱ्याचा अख्खा दिवस त्याला हात लावायचा नाही. गिरणी दोन दिवस बंद असायची आणि गावाला ते माहीत असायचं, बायका आधीच दळण करून ठेवायच्या. मी घरी ब्लाउज शिवायचे. दिवाळीची कामं अंगावर असताना माझं मशीन दोन दिवस हार घालून बसायचं आणि मी दरवर्षी तोंडातल्या तोंडात बडबडायचे.

त्या दुपारी मी म्हटलं, यंदा राहू द्या, तुम्हाला झेपायचं नाही, मी दोन फुलं वाहते. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ओट्यावर उन्हात पोतं पसरून बसल्या आणि नवऱ्याचे पाने, पकड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, माझी कात्री, विळी, त्यांचा अडकित्ता, सगळं एकेक घेऊन रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. मग वाटीत तेल घेऊन बोटानं लावलं. मधे मधे थांबून दम खात होत्या. पाट मांडून झाला, हळदकुंकू झालं, तेव्हा वाटी हातात घेऊन मला म्हणाल्या, "गाडीचं ते झाकण उघडून दे." मी बॉनेट उघडून त्याला दांडी लावली. आत गॅसवर दूध होतं, म्हणून मी परत गेले. दूध उतरवून आले तोवर इंजिनावर कुंकवाची बोटं उमटलेली होती आणि त्या हात पुसत होत्या.

दसऱ्याला सकाळी नवऱ्याला सुट्टी. सासूबाईंना मळेवाल्यांचा ताजा झेंडू हवा होता, आदल्या दिवशीचा कोमेजलेला नको. तो पंचवटीकडे जायला निघाला, किल्ली फिरवली आणि गाडी चक्क गप्प. किंकाळी नाही की काही नाही. खिडकीतून डोकं काढून तो मला म्हणाला, "बघ. उगाच मागे लागली होतीस. आपोआप गेला आवाज."

तासाभरानं ती गाडी परत आली ती चार जणांच्या रेट्यावर. वसाहतीच्या फाटकापर्यंत कशीबशी पोचली आणि तिथं बंद पडली होती. पुढून वाफ, रबर जळल्याचा वास, मागच्या सीटवर झेंडूचं पोतं. डायनामोचा लाल दिवा वाटेतच लागला होता आणि काटा चढत चढत टोकाला गेला होता. ढकलणाऱ्यांत समोरच्या वहिनींचे यजमानही होते. वहिनी ओट्यावरून बघत होत्या, पण आज गाडी मी चालवत नव्हते, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

वाफ जिरल्यावर नवऱ्यानं बॉनेट उघडलं. पट्ट्याची एक कड उसवून दोरे लोंबत होते आणि आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती. त्यानं बोट लावलं, वास घेतला आणि तेच बोट माझ्यासमोर धरलं. बोट तेलानं माखलेलं होतं.

"ह्याला तेल कोणी लावलं?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असताना सासूबाई दारातून म्हणाल्या, "मी."

बस, एवढंच. मग त्या आत निघून गेल्या.

नवऱ्यानं बोट फडक्याला पुसलं. आई आजारी पडल्यापासून तो तिला काहीच बोलत नसे. पण माझ्या डोक्यात एक विचार शिरला आणि तो शिरला तो निघेना. ही बाई गिरणीत वाढलेली. लहानपणापासून पट्टा आणि चाक बघत आलेली. पट्ट्याला तेल लावलं की तो घसरतो, हे गिरणीवाल्याच्या लेकीला कळत नाही होय? गाडीशिवाय मी जाणार नाही, असं त्यांनीच सांगून ठेवलेलं. गाडी बंद पडली की भांडायला नको, नाही म्हणायला नको, कुणाचं मन मोडायला नको. दसरा होऊ दे, मग बघू. मला एकदम सगळं जुळल्यासारखं वाटलं. त्यांनी जगायचं नाही असं ठरवलं असेल, तर मी किती वेळा किल्ली फिरवली तरी काय उपयोग होता?

"पट्टा आहे ना डिकीत," मी नवऱ्याला म्हटलं. "घाला आत्ताच्या आत्ता."

"पाने पूजेत आहेत."

"मग काढा."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण खेळायला मागितला होता. एरवी तो असल्या गोष्टी फार मानणारा नव्हे. पण आईनं दम खात खात, बसून मांडलेली ती पूजा त्याच्यानं मोडवेना. तो म्हणाला, कुणाकडून तरी आणतो. गॅरेज आणि दुकानं तर बंदच होती, सगळीकडे तोरणं लागलेली. पण आमची वसाहत फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांचीच. एका घरात जितके पाने निघतील तितके एखाद्या गॅरेजातही निघाले नसते.

तो गेला आणि गल्लीभर फिरून रिकाम्या हातानं आला. दसरा सगळ्यांच्याच घरी होता. सगळ्या वसाहतीचे पाने पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून बसलेले. एकानं सांगितलं, संध्याकाळी सोनं लुटून आलो की देतो. दुसरा द्यायला तयार होता, पण त्याच्या बायकोनं नेमका त्याच पाटावर अखंड दिवा ठेवला होता. तिसऱ्यानं फारच गळ घातल्यावर स्वयंपाकघरातून सांडशी आणून दिली. ती सांडशी घेऊन नवरा परत आला, आणि एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा मी ती त्याच्या हातातून घेऊन बाजूला आपटली आणि म्हटलं, "उद्या सकाळी आठला काय सांडशीवर बसवून न्यायचं त्यांना?"

तो ओट्याच्या पायरीवर बसला. मी बॉनेटपाशी उभी. संध्याकाळी कुणाचा तरी पाना मिळेलही, पण तोवर अंधार पडणार, पट्टा बसला नाही तर धावाधाव करायला वेळ उरणार नाही. आणि मला भीती त्याची नव्हतीच. एक दिवस चुकला की त्या दुसऱ्या दिवशी उठणार नाहीत, ही भीती होती.

तेवढ्यात आतून घंटेचा आवाज आला. दुपारच्या वेळी कसली घंटा म्हणून मी खिडकीतून वाकून बघितलं. सासूबाई पाटासमोर बसल्या होत्या. त्यांनी हत्यारांवर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि दोन्ही हातांनी पाट जरासा हलवला. उत्तरपूजा. एकादशीची पूजा त्यांनी दसऱ्यालाच उरकली. मग पाने पदरात घेऊन त्या सावकाश बाहेर आल्या आणि मुलापुढं ओतले.

"घे. फडक्यानं पुसून घे, कुंकवानं हात घसरेल."

"आई, उद्यापर्यंत..."

"बसवले मी, उठवले मी," त्या म्हणाल्या. "तू कामाला लाग."

मला तेव्हाही बरं वाटलं नाही. मुलगा पायरीवर डोकं धरून बसलेला आईला बघवला नाही, म्हणून तिनं नियम मोडला, एवढंच मला त्यात दिसलं. मुलासाठी पाने काढून देणं वेगळं आणि उद्या सकाळी उठून गाडीत बसणं वेगळं.

तर आम्ही पट्टा बदलायला घेतला. मी नवऱ्याला म्हटलं, मला सगळं बघू दे, वाटेत तुटला तर मी कुणाच्या नावानं शंख करणार? डायनामो दोन ठिकाणी आवळलेला असतो, खाली एक नट आणि वर पट्टीवर एक. दोन्ही ढिले केले की तो इंजिनाच्या बाजूला ढकलता येतो आणि पट्टा सैल पडतो. वरचा नट लगेच सुटला. खालचा इतकी वर्षं कुणी हलवलेला नव्हता, तो हलेना. नवऱ्यानं पान्यावर हातोडी मारली, घाम पुसला, कारखान्यातले शब्द वापरले. शेवटी तो सुटला. जुना पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून ओढत बाहेर काढला, तर हातात येता येता त्याचे दोन तुकडे झाले. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला असता, तरी हायवे ओलांडताना नक्की गेला असता, माझ्या हातात स्टिअरिंग असताना आणि मागे त्या असताना. मी तो विचार पुढं केला नाही.

मग तिन्ही चाकांच्या खाचा पेट्रोलच्या फडक्यानं पुसल्या. ते काम माझं. तेल सगळीकडे गेलं होतं, अगदी मनापासून लावलेलं. चार फडकी काळी झाली तेव्हा कुठं बोट कोरडं निघालं.

एव्हाना सासूबाईंनी ओट्यावर खुर्ची मागून घेतली होती. अंगाभोवती शाल घेऊन त्या आमचा तमाशा बघत होत्या. नवा पट्टा पंख्यावरून आला, दोन चाकांत बसला आणि तिसऱ्यावर चढेना. किती वर्षं डिकीत गुंडाळून पडलेला, अंगानं ताठ झालेला. नवरा ओढतोय, मी डायनामो रेटतेय, पट्टा कडेपर्यंत येतो आणि निसटतो. माझ्या बोटाचं साल गेलं. मी पट्ट्याला, गाडीला आणि रविवार नावाच्या वाराला यथेच्छ बोलून घेतलं.

"ओढू नका नुसता," ओट्यावरून आवाज आला. "चाक फिरवा आणि फिरता फिरता चढवा. गिरणीचा पट्टा असाच चढायचा."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी पट्टा चाकाच्या कडेवर दाबून धरला, त्यानं पंखा हातानं हळूहळू फिरवला. अर्धा फेरा झाला असेल, पट्टा टपकन खाचेत बसला. मग त्यानं हातोडीचा दांडा लावून डायनामो बाहेर ताणला, मी वरचा नट आवळला, त्यानं खालचा. अंगठ्यानं पट्टा दाबून बघायचा असतो, फार ढिला नको, फार ताठही नको. त्यानं दाबला, मी दाबला. रेडिएटरात पाणी भरलं.

नवऱ्यानं किल्ली फिरवली. एकदा नुसती कुरकुर झाली. दुसऱ्यांदा इंजिन लागलं. किंकाळी नाही. पण आवाज नाही याचा भरवसा आता कुणाला होता? मी आत वाकून बघत राहिले. लाल दिवा विझला. काटा हळूहळू वर आला, मध्यावर पोचला आणि तिथंच थांबला. गाडी तशीच चालू ठेवायची, थोडा वेळ बघायचं, असं सांगून नवरा हात धुवायला आत गेला. त्याच्या चेहऱ्यावर जणू सगळं त्याच्या रविवारच्या बेतानुसारच झालं असा भाव होता.

बाहेर मी आणि सासूबाई. मधे चालू गाडी. मला आता राहवेना.

"आई, त्या पट्ट्याला तेल कशाला लावलंत?" आवाज मऊ ठेवायचं मी ठरवलं होतं. ते जमलं नाही.

त्या जराशा ओशाळल्या. "ओरडत होता ना रोज," त्या म्हणाल्या. "आमच्या गिरणीचा पट्टा चामड्याचा. सुकला की असाच ओरडायचा आणि मग एखाद्या दिवशी तुटायचा. बाबा त्याला एरंडेल लावायचे. मऊ पडायचा, चाकाला धरून राहायचा. मला वाटलं, हाही सुकलाय."

"हा रबराचा आहे. याला एरंडेल चालत नाही."

"ते आता कळलं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी काही बोलणार होते, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. त्या गाडीकडे बघत होत्या. एरवी आमच्याशी त्या नाशिकचंच बोलायच्या. माहेरची अहिराणी यायची ती फार चिडल्यावर, नाहीतर आतलं काही बोलायचं असलं तर. शाल सारखी करत त्या हळूच म्हणाल्या, "सकाय जानं शे ना माले. पट्टा तुटना तं मी कशी जासू?"

उद्या जायचंय ना मला. पट्टा तुटला तर मी कशी जाऊ?

मी बॉनेटला धरून उभी राहिले. मी आत दूध उतरवत असताना त्या गाडीपाशी दम खात, बोटं तेलात बुडवून जे करत होत्या, ते हे होतं. सकाळी 'मग बघू' म्हणाल्या त्याच दुपारी. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मला रडू फुटलं. हसूही येत होतं, त्या सांडशीचं. पुढं त्यांचे शेक पुरे झाले, त्या चहा मागायला लागल्या, आणखी बरीच वर्षं त्यांनी मला बिघडलेल्या भाकरीपासून ब्लाउजच्या गळ्यापर्यंत सगळ्यावर सुनावलं. पण माझी खरी सुटका झाली ती त्या दुपारी, हात कोपरापर्यंत काळे असताना.

"रडस कसाले?" त्यांनी विचारलं. कशाला रडतेस. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"काही नाही. पेट्रोल गेलं डोळ्यात."

त्यांनी मान हलवली. मग गाडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग बंद कर ती. पेट्रोल उद्याला राहू दे."

मी आत वाकून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.